मदत हवी आहे: लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी बोल्ट अ‍ॅक्शन रायफल, भुसावळात राहून कोणती घ्यावी?

नमस्कार मंडळी,

नेमबाजीतलं कळणारे दोन-चार जण इथे आहेत असं जुन्या धाग्यांवरून दिसलं, म्हणून विचारतोय. शिकार, रानडुक्कर, स्वसंरक्षण यातलं काही नाही. कागदावर भोकं पाडायची आहेत, फक्त लांबून आणि एकमेकांना खेटून.

राहायला भुसावळ, वय ४१, चष्मा आहे. वडील वरणगाव फॅक्टरीत होते, त्यामुळे काडतूस हा शब्द घरात डाळ-तांदळासारखा ऐकत मोठा झालो. पण बंदूक कधी हातात धरली नव्हती. गेल्या वर्षी कंपनीने पाच महिने जर्मनीला पाठवलं. आपल्याकडे तालीम असते तशी तिथे गावोगावी नेमबाजांची मंडळं असतात. हपिसातला एक जण पाहुणा म्हणून घेऊन गेला. टेबलावर टेकूला लावलेली टिक्का टी-थ्री-एक्स रायफल, बोअर (नळीचं माप) .३०८, वर दुर्बीण, समोर १०० मीटरवर कागद. पहिला तासभर त्याने गोळीच दिली नाही, नुसता श्वास आणि ट्रिगर. मग एकेक गोळी. बोल्टची मूठ वर उचलायची, मागे ओढायची, रिकामं पितळ टणकन टेबलावर पडतं, परत पुढे ढकलून मूठ खाली. त्या खाली दाबण्यात बँकेच्या लॉकरचं दार लागल्यासारखा भरीव आवाज येतो. तो आवाज अजून कानात आहे.

शेवटच्या पाच गोळ्यांची भोकं दहा रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली. नाणं माझ्याच पाकिटात निघालं. तो म्हणाला, यात तुझं फार काही नाही, रायफलचं आहे. असेलही. पण किडा चावला तो चावलाच.

परत आल्यावर चौकशी सुरू केली तर प्रत्येक जण वेगळंच सांगतो. रावेरच्या मामांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावर बाराबोर आहे. ते म्हणतात, तीनशे पंधरा (.३१५ बोअरची रायफल) घे, सरकारी आहे, मोडत नाही. एका दुकानदाराने .३०-०६ सुचवली. एका कार्यालयात परवान्याचं विचारलं तर पहिला प्रश्न आला, "जिवाला धोका आहे का?" नाही म्हटल्यावर समोरच्याने फाइल मिटवली. वडिलांचं तर एकच पालुपद: बंदूक तीच राहते, लॉट (एका वेळी बनलेली खेप) बदलला की गोळी बदलते, आधी गोळीचं बघ.

बजेट अडीच लाखांपर्यंत ताणता येईल, बायकोला दीड सांगितलंय. रायफल कोणती, बोअर कोणतं, दुर्बिणीवर किती खर्च करावा? आणि ३०० मीटर किंवा त्याच्या पुढे खेळायचं असेल तर इथे शक्य तरी आहे का? जाणकारांनी कृपया सांगावं. "त्यापेक्षा कॅरम खेळ" असे सल्ले घरातून भरपूर मिळतात.

प्रतिसाद

काय भो, दीड सांगितलंय आणि अडीच खर्चणार! पहिली गोळी घरातच सुटेल. बाकी रायफलीतलं कळत नाही, धागा वाचनखुणेत ठेवतो.

प्रतिसाद

दादा, मी धुळ्याचा. एअर रायफलवरून टूटूवर (.२२ बोअरची रायफल) आलो, पुण्यात बालेवाडीला जाऊन-येऊन खेळतो. थोडं कडू लागेल, पण सगळं सांगून टाकतो.

जर्मनीत हाताळली ती .३०८ इथे विसरा. ती फौजेच्या ७.६२ बाय ५१ची सख्खी भावंड, आणि फौजी बोअर आपल्याकडे प्रतिबंधित बोअर. साध्या परवान्यावर ते चढत नाही. .३०३चंही तेच. टिक्का, रेमिंग्टन ७०० वगैरे नावं इंटरनेटवर कितीही वाचा, परदेशी बंदूक सामान्य परवानाधारकाला आयात करता येत नाही. ती सवलत नामांकित नेमबाजांना असते, तीही संघटनेच्या कागदांवर.

आता मामांची तीनशे पंधरा. ही ईशापूरची, बांधणी जुन्या ली-एनफिल्डची. इंग्रजांच्या काळात फौजी बोअर लोकांच्या हातात पडू नये म्हणून मॅनलिखर रायफलीच्या ८ मिलिमीटर काडतुसावरून हे बोअर इथे चाललं. गोळी जड, मऊ नाकाची, वेग बेताचा. बोल्टचे लग (बोल्ट अडकवून धरणारे दात) मागच्या बाजूला, वर उघडी माशी (नेम धरायची खूण). शेतावर राखणीला उत्तम, मामांचं चूक नाही. पण तिच्याकडून नाण्याएवढा ग्रुप (भोकांचा पुंजका) मागणं म्हणजे ट्रॅक्टर घेऊन शर्यतीत उतरणं. .३०-०६ कागदोपत्री परवानगीच्या बोअरमध्ये बसते आणि काडतूसही तगडं आहे, पण मॅच (स्पर्धेच्या) दर्जाची काडतुसं एकाच लॉटची, सरावाला पुरतील एवढी कुठून आणणार? परवान्यावर वर्षाला किती काडतुसं घ्यायची त्याची मर्यादा लिहिलेली असते. वडील लॉटचं म्हणतात ते सोळा आणे खरं. टूटूचे चांगले खेळाडू एकाच कंपनीच्या चार-पाच लॉटच्या गोळ्या रायफल शिकंज्यात धरून मारून बघतात आणि जो लॉट त्या नळीला मानवतो तोच साठवतात. शेजारच्या रायफलीला तोच लॉट मानवेल असं नाही.

तुमच्या नाण्याचा हिशोब करू. दहा रुपयाचं नाणं २७ मिलिमीटर. १०० मीटरवर कोनाचा एक मिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग, होतो २९ मिलिमीटर. म्हणजे तुम्ही मिनिटाच्या आत होता, अभिनंदन. आता गंमत बघा. ३०० मीटरच्या स्पर्धेत दहाचं वर्तुळ १०० मिलिमीटरचं, म्हणजे मिनिटापेक्षा थोडं मोठं. ५० मीटरच्या टूटूत दहा १०.४ मिलिमीटरचा, म्हणजे मिनिटाच्या पाऊण भागाहूनही लहान. १० मीटरच्या एअर रायफलला तर तो अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. लांबचं ते अवघड असं आपण धरून चालतो, कोनाच्या हिशोबाने मात्र जवळचंच लक्ष्य बारीक आहे.

वाऱ्याचं म्हणाल तर टूटू ५० मीटरवरच सगळं शिकवते. मॅचची गोळी आवाजाच्या वेगाच्या जरा खाली चालते. बाजूने ताशी १५ किलोमीटरचा वारा असला की ती दोन सेंटिमीटरच्या वर सरकते. दहाचा थेट आठ. एवढा वारा आपल्याकडे मे महिन्यात पंख्याला लाजवतो. केळीच्या बागेला शेवरीचं कुंपण का लावतात ते तुम्हाला वेगळं सांगायला नको, पानाच्या चिंध्या बघून वाऱ्याचा अंदाज घ्यायची सवय आपल्या माणसाला आहेच. शिवाय ऊन. दुपारी ४४-४५ अंशांत जमिनीवरून झळा निघतात आणि लक्ष्य पाण्यात ठेवल्यासारखं हलतं. झळा कुठे वाहतात ते बघून वारा वाचायला लोक वर्षं घालवतात. तुम्हाला ते फुकटात मिळतंय.

स्वप्नील कुसाळे २०२४ला पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, आडवं पडून आणि उभं राहून) ४५१.४ गुण करून ब्राँझ घेऊन आला, तो याच टूटूवर. कांबळवाडीचा मुलगा, तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस. भुसावळकरांना तर घरचाच वाटला पाहिजे.

म्हणून माझं मत: आधी क्लब, मग एअर रायफल, मग टूटू. .१७७ बोअरची, २० जूलच्या आतली एअर रायफल परवान्याशिवाय घेता येते. प्रिसिहोलसारख्या आपल्याकडच्या कंपन्या बनवतात. परदेशी मॅच एअर रायफल नवी घेतली तर तिथेच अडीच लाख संपतील, त्यामुळे पहिलं वर्ष क्लबचीच वापरा. परवान्याचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात करताना कारण "नेमबाजी खेळ" लिहा आणि क्लबचं सदस्यत्व, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, स्पर्धेतले गुण जोडा. मोकळ्या हाताने गेलात की जिवाला धोका आहे का हेच विचारणार. त्या माणसाचा दोष नाही, रोज तेच अर्ज बघतो.

दुर्बिणीचे पैसे वाचवा. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत दुर्बीण चालतच नाही, मागे बारीक छिद्राची डायऑप्टर माशी असते. चष्म्याचं दडपण घेऊ नका, छिद्रातून बघितलं की नजर आपोआप थोडी साफ होते.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाला माझीही सही. फक्त जुनी टूटू घेणार असाल तर चार गोष्टी.

अ‍ॅनशूट्झ (जर्मन कंपनीची टूटू) जुनी असली तरी घाबरू नका. टूटूची नळी नीट ठेवली तर हजारो गोळ्या झेलते, मोठ्या बोअरसारखा नळीचा घसा (काडतुसाच्या जागेच्या लगेच पुढचा भाग) जळून जात नाही. नळीचं तोंड मात्र भिंगाखाली बघा. तिथे साफसफाईच्या सळईने एक ओरखडा पडला असला तरी गोळी वाकडी निघते. नळी आणि लाकडाच्या मधून कागदाची पट्टी चेंबरपर्यंत (काडतूस बसतं त्या जागेपर्यंत) सरकली पाहिजे. कुठे अडली तर ऊन-पावसात लाकूड फुगून नळीला टेकतं आणि नेम आज इथे, उद्या तिथे. परवान्यावर रीतसर चढवल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

आणि नाव बघून रायफल घेऊ नका, अंगाला बसते का बघा. गालाखालची फळी, खांद्याची पट्टी, मुठीपासून ट्रिगरपर्यंत बोट, हे सगळं सरकवता आलं पाहिजे. डोळे मिटून रायफल गालाला लावा, डोळे उघडा. माशीतून समोरचं सरळ दिसलं तर ती तुमची. मान वाकवावी लागली तर दुसऱ्याची.

बोल्ट उजवा की डावा तेही ठरवा. तुमचा जोरकस डोळा, म्हणजे नेम धरताना नजर आपोआप ज्याची चालते तो, कुठला?

धागाकर्ता

सर्वांचे आभार. धुळेकर दादा, तीनशे पंधरा आणि ट्रॅक्टर मामांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, ट्रॅक्टर शर्यत जिंकत नसेल पण शेत नांगरतो. वडिलांना लॉटचं वाचून दाखवल्यावर दोन वेळा वाचायला लावलं आणि मग जेवताना एक कळण्याची भाकर जास्त खाल्ली.

लांब पल्ल्याचं डोक्यातून गेलेलं नाही. कॅनडात सुरू झालेल्या एफ-क्लासचं वाचलं, आडवं पडून, टेकू आणि दुर्बीण लावून खेळतात. पण त्यातल्या एका प्रकारात .३०८ आणि .२२३ दोनच काडतुसं चालतात, म्हणजे .३०८चा दरवाजा तरी इथे बंदच. ५० मीटरवर दहा लागेपर्यंत पुढचं बोलणार नाही, असं स्वतःलाच सांगितलंय. पुढच्या आठवड्यात क्लबला जाऊन बघतो.

डोळ्याचं मात्र आजवर कधी तपासलं नव्हतं. जुन्या व्हिजिटिंग कार्डाला पेनाने भोक पाडलं, हात लांब करून भोकातून भिंतीवरचं बटण धरलं आणि डावा डोळा मिटला. बटण गायब. परत केलं, परत गायब. बायकोला करायला लावलं तर तिचं बटण जागेवर. म्हणजे मी उजव्या हाताचा आणि डाव्या डोळ्याचा निघालो. जर्मनीत उजव्या खांद्यावरून मारताना डावा डोळा घट्ट मिटून बसायचो, आता कळतंय कपाळ का दुखायचं.

आता काय, खांदा बदलायचा की डोळ्यावर झापड लावायची?

प्रतिसाद

घाई करू नका. मिटू मात्र नका, मिटला की उघड्या डोळ्यावरही ताण येतो. माशीच्या बाजूला पांढऱ्या प्लास्टिकची पट्टी लावा, डाव्या डोळ्यासमोर येईल अशी, आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून महिनाभर उजव्या खांद्यावरूनच मारा. नंतरचा एक महिना डाव्या खांद्यावरून. दोन्हीकडचे कागद तारीख घालून जपून ठेवा आणि इथे टाका, मग डाव्या बोल्टचं बोलू. डाव्या हाताच्या जुन्या रायफली कमी निघतात, पण घेणारेही कमी असतात.