शेवाळ वाढतं, पण काढायचं कसं?

सांडपाण्यात शेवाळ सोडलं की पाणी आपोआप शुद्ध होतं, असं बरेचदा म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. शेवाळ वाढीसाठी नायट्रोजन आणि फॉस्फरस ओढून घेतं, उन्हात प्राणवायू सोडतं आणि त्यावर जिवाणू मैला कुजवतात. त्यामुळे एरवी पाण्यात हवा सोडणाऱ्या ब्लोअरची वीज वाचते. कॅलिफोर्नियात संशोधक विल्यम ऑस्वाल्ड यांनी 1950च्या दशकातच यासाठी उथळ, पाणी फिरतं ठेवणाऱ्या तळ्यांवर काम केलं होतं.

पण शेवाळ बाहेर काढलं नाही, तर ते मरून कुजतं आणि शोषलेलं सगळं पुन्हा पाण्यात. खरी गोम इथेच आहे. क्लोरेला या सूक्ष्म शेवाळाची पेशी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान. मडगावला आमच्या गच्चीवर मी भांडी धुतलेलं पाणी बरणीत भरून उन्हात ठेवलं होतं. आठवड्याभरात पोपटी झालं. जुन्या धोतराच्या फडक्यातून दोनदा गाळलं, तरी खाली हिरवंच पाणी! चार दिवस अंधारात ठेवल्यावर कुठे तळाशी साका बसला.

त्यात आपला पावसाळा. जून ते सप्टेंबर ऊन कमी आणि उघडं तळं भरून वाहणार, थेट मडगावजवळच्या साळ नदीत. म्हणजे वर पारदर्शक छप्पर हवं, शिवाय त्या चार महिन्यांत जोडीला नेहमीची प्रक्रियाही. आणि जागेसाठी कृपा करून खाजनांकडे, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनींकडे, बघू नका. तिथे मानशीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, भरती-ओहोटीचं पाणी खेळतं, त्यावर शेतीही आहे आणि मासळीही.