पहिलं घर कर्जावर घेताना: मुदत, दरवाढ आणि विकणाऱ्याचं चालू कर्ज

उंबरठा यांचा प्रश्न:

पहिलं घर घेतोय. आम्ही दोघंही नोकरदार, कर्ज दोघांच्या नावावर. घर नवं नाही, आणि सध्याच्या मालकाचं त्यावर कर्ज अजून चालू आहे. किमतीच्या २० टक्के रक्कम आमच्याकडे आहे, बाकी ८० टक्के बँकेकडून. बँकेने तत्त्वतः मंजुरीचं पत्र दिलंय. दर ८.५ टक्के, फ्लोटिंग (म्हणजे पुढे बदलू शकणारा).

मुदत १५ वर्षं ठेवावी, २० की ३०? दर वाढला तरी हप्ता तोच राहतो, काळजी करू नका, असं सांगितलं जातंय. ते कितपत खरं? मालकाचं कर्ज फिटायच्या आधी पैसे कोणाला आणि कसे द्यायचे? शिवाय एकरकमी प्रीमियमचा विमा घ्यायला सांगतायत आणि ती रक्कम कर्जातच धरू म्हणतायत. सही करण्याआधी आणखी काय पाहायला हवं?

---

व्याजगणित:

खालचे सगळे आकडे १ लाख कर्जामागचे आहेत. तुमचं कर्ज जितके लाख असेल तितक्याने गुणा. दर ८.५ टक्के, व्याज दरमहा घटत्या शिलकीवर.

१५ वर्षं: हप्ता ९८५, एकूण व्याज साधारण ७७,३००
२० वर्षं: हप्ता ८६८, एकूण व्याज साधारण १,०८,३००
३० वर्षं: हप्ता ७६९, एकूण व्याज साधारण १,७६,८००

२० वरून ३० वर गेलात तर हप्ता जेमतेम ९९ ने उतरतो आणि व्याज ६८,५०० ने चढतं. हप्ता ३० वर्षांतच बसत असेल तर मुदत वाढवू नका, कमी किमतीचं घर बघा.

आता २० वर्षांचं कर्ज आतून कसं चालतं ते पाहा. पहिल्या ८६८ च्या हप्त्यात व्याज ७०८ आणि मुद्दल फक्त १६०. पाच वर्षांत तुम्ही ५२,००० च्या वर भरता, पण शिल्लक राहते ८८,१००. निम्मं मुद्दल फिटायला १३ वर्षं १० महिने लागतात. "पाच वर्षांनी विकून मोठं घर घेऊ" असा विचार असेल तर हा आकडा डोळ्यासमोर ठेवा. तोवर कर्जाचा जेमतेम आठवा हिस्सा उतरलेला असतो.

दरवाढीबद्दल तुम्हाला जे सांगितलंय ते अर्धंच आहे. हप्ता तोच ठेवता येतो, पण मग मुदत ताणली जाते, आणि ती किती ताणली जाते हे सहसा कोणी सांगत नाही. सुरुवातीलाच दर ८.५ चा ९.५ झाला आणि हप्ता ८६८ च राहिला, तर २४० हप्त्यांचे ३०९ होतात. म्हणजे एका टक्क्याला पावणेसहा वर्षं! दर १०.५ झाला तर महिन्याचं व्याजच ८७५ होतं, म्हणजे हप्त्यापेक्षा जास्त. तेव्हा कर्ज फिटत तर नाहीच, उलट दरमहा वाढत जातं. तिथे बँकेला हप्ता वाढवावाच लागतो.

म्हणून ऐपत आजच्या दराने मोजू नका. दोन टक्के जास्त धरा: १०.५ टक्क्यांना २० वर्षांचा हप्ता लाखामागे ९९८ येतो. हा हप्ता भरून घरखर्च आणि थोडी बचत निघत असेल तरच तेवढं कर्ज घ्या. तुम्ही दोघं कमावते आहात, तर हाच हिशेब एका पगारावर किमान सहा महिने तगतो का, तेही पाहा.

करारात तीन गोष्टी शोधा. दर कोणत्या मूळ दराला बांधलेला आहे आणि त्यावर बँकेचं मार्जिन (बँक वरून जोडते ते टक्के) किती. दर बदलल्यावर तो तुमच्या खात्याला किती महिन्यांनी लागतो. आणि हप्ता वाढवायचा की मुदत, हे कोण ठरवतं. मूळ दर तुमच्या हातात नसतो, घासाघीस होते ती मार्जिनवर, आणि तीही सहीच्या आधीच. "फिक्स्ड" असं लिहिलं असेल तर किती वर्षांसाठी, हे वाचल्याशिवाय त्या शब्दावर विसंबू नका. बऱ्याचदा तो पहिली काही वर्षंच स्थिर असतो.

---

कागदोपत्री:

मालकाच्या कर्जाबद्दल. असे व्यवहार रोज होतात, घाबरण्यासारखं काही नाही. क्रम मात्र चुकता कामा नये.

आधी मालकाला त्याच्या बँकेकडून थकबाकीचं पत्र आणायला सांगा. त्यात कर्ज पूर्ण बंद करायची रक्कम, ती कोणत्या तारखेपर्यंत लागू, आणि त्यानंतर रोजचं व्याज किती, हे तिन्ही हवं. सोबत त्या बँकेकडे कोणकोणते मूळ कागद ठेवलेले आहेत त्याची यादी. ही यादी तुमच्या वकिलाच्या हातात पडल्याशिवाय इसाराची (सौदा ठरवताना आगाऊ द्यायची) मोठी रक्कम देऊ नका. मधला एखादा मूळ दस्त हरवलेला असेल तर तो इथेच उघड होतो, आणि तेव्हा मागे फिरणं स्वस्त असतं.

इसारपावती किंवा साठेखतात (खरेदीखताच्या आधीच्या करारात) तीन अटी घाला. एक, ठरलेल्या मुदतीत कर्ज नामंजूर झालं तर इसार परत. दोन, वकिलाच्या शोध-अहवालात मालकीत दोष निघाला तर इसार परत. तीन, मूल्यांकन कमी आलं तर काय करायचं. तिसरी अट बहुतेक जण विसरतात आणि २० टक्क्यांचं गणित नेमकं तिथेच कोसळतं. घराची ठरलेली किंमत १०० धरा. बँक ८० टक्के देते, पण ठरलेली किंमत आणि तिच्या मूल्यांकनकाराने काढलेली किंमत यांत जी कमी असेल तिच्यावर. मूल्यांकन ९२ आलं तर कर्ज ७३.६. तुमच्या खिशातून २० ऐवजी २६.४ जाणार. त्यात मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील, बँकेची प्रोसेसिंग फी, दलाली आणि घराची डागडुजी अजून धरलेलीच नाही. हे खर्च सहसा कर्जात बसत नाहीत. तुमच्या ठिकाणचे दर लिहून काढा आणि २० मध्ये मिळवा. बेरीज हातातल्या रकमेच्या वर जात असेल तर ते आजच कळलेलं बरं.

पैसे द्यायची वेळ आली की क्रम असा. तुमचा हिस्सा आधी, पावतीसह, कारण स्वतःचा वाटा भरल्याचा पुरावा पाहूनच बँक पैसे सोडते. मग बँकेचा पहिला धनादेश थेट मालकाच्या *कर्जखात्याच्या* नावाने, मालकाच्या नावाने नव्हे. उरलेली रक्कम मालकाला, खरेदीखत नोंदवताना. मालकाची बँक खातं बंद करून बेबाकी पत्र (कर्ज पूर्ण फिटल्याचं पत्र) देते आणि मूळ कागद सोडते. ते कागद मालकाच्या हाती न जाता थेट तुमच्या बँकेकडे जावेत, असं दोन्ही बँका आणि मालक यांच्यात आधीच लेखी ठरवून घ्या. खातं बंद होणं आणि कागद सुटणं यात काही दिवस जातात, कधी आठवडेही. जोखीम सगळी त्याच फटीत असते.

तत्त्वतः मंजुरी म्हणजे मंजुरी नव्हे, हेही लक्षात असू द्या. ते पत्र तुमच्या उत्पन्नावर दिलेलं असतं. घराची कायदेशीर आणि तांत्रिक तपासणी त्यानंतर होते, आणि पैसे सोडण्याआधी बँक तुमचं क्रेडिट पुन्हा तपासू शकते. या मधल्या काळात गाडीचं कर्ज, कार्डावर हप्त्याने फर्निचर, नोकरीबदल, कोणासाठी जामीन, यातलं काहीही करू नका. मंजूर रक्कम ऐनवेळी यामुळेही घटते.

आणि दोघांची नावं. सहकर्जदार असणं आणि सहमालक असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. सहकर्जदार निम्म्या नव्हे, *पूर्ण* कर्जाला जबाबदार असतो. खरेदीखतात नाव नसेल तर जबाबदारी सगळी आणि हक्क शून्य. दोघांचीही नावं खरेदीखतात आहेत ना, ते मसुद्यातच पाहा.

---

मोकळा_हप्ता:

व्याजगणित यांचे आकडे बरोबरच आहेत, पण त्यावरून थेट १५ वर्षं घेऊ नका. २० वर्षांची मुदत घ्या आणि दरमहा ९८५ चा हप्ता आहे असं समजून वरचे ११७ बाजूला टाका. दर तीन-चार महिन्यांनी ते मुद्दलात भरा. कर्ज साधारण पंधरा वर्षांतच फिटतं, आणि एखाद्या महिन्यात पगार अडला तर ८६८ वर थांबायची मुभा राहते. १५ च्या करारात ९८५ चुकला तर दंड लागतो आणि क्रेडिटवर डाग पडतो. आधी एवढं मात्र पाहा की करारात मुदतपूर्व भरण्यावर शुल्क नाही आणि किमान रकमेची अट नाही.

जादा भरणा जितका लवकर तितका वजनदार. पहिल्या वर्षाच्या शेवटी लाखामागे ५,००० भरलेत तर शेवटचे २६ हप्ते गळतात, म्हणजे साधारण २२,८०० वाचतात. तेच ५,००० दहाव्या वर्षाच्या शेवटी भरले तर १३ हप्ते. भरताना लेखी द्या: "हप्ता तोच ठेवावा, मुदत कमी करावी." न सांगता भरलं तर काही ठिकाणी हप्ता कमी करून मुदत तीच ठेवतात आणि बचत बरीचशी निसटते. पुढच्या महिन्याचं विवरण मागवून मुद्दल खरंच उतरलंय का ते तपासा. पुढचा हप्ता आगाऊ भरला अशी नोंद झाली असेल तर काहीच साधलेलं नसतं.

फक्त गंगाजळी रिकामी करून जादा भरणा करू नका. मुद्दलात गेलेला पैसा अडचणीच्या वेळी परत मागता येत नाही.

---

व्याजगणित:

मोकळा_हप्ता यांचं म्हणणं पटतं, एका अटीवर: ते ११७ पगाराच्या दिवशी आपोआप वेगळ्या खात्यात जायला हवेत. महिनाअखेरीस उरतील ते भरू म्हटलं की काही उरत नाही. ही शिस्त जमणार नसेल तर १५ च घ्या.

विम्याचं राहिलं. प्रीमियम कर्जात धरला की त्यावरही २० वर्षं व्याज चढतं. लाखामागे ३,००० प्रीमियम असेल तर शेवटी ६,२०० च्या वर भरता. नुसता दर पाहताना हे लक्षात येत नाही, म्हणून मंजुरीपत्रातली कर्जाची रक्कम तुम्ही मागितली तेवढीच आहे का ते बघा. विमा हवाच, त्यात शंका नाही. दोघांपैकी एक गेला तर उरलेल्यावर पूर्ण कर्ज येतं. पण कर्जाच्या रकमेएवढा साधा मुदत विमा दोघांनी वेगवेगळा, दरवर्षीच्या प्रीमियमने घेतला तर तो कर्ज दुसऱ्या बँकेत नेलं तरी तुमच्याबरोबर राहतो. "सक्तीचा आहे" असं तोंडी सांगितलं तर तेच लेखी मागा.

---

उंबरठा:

खूप आभार. मुदत २० आणि जादा भरणा, असं ठरवतोय. मूल्यांकनकार येऊन गेला म्हणजे घराची तपासणी झाली असं धरायचं का?

---

ओलावा:

नाही. मूल्यांकनकार बँकेसाठी येतो. कर्ज बुडालं तर घर विकून पैसे निघतील का, एवढंच तो पाहतो. नळ गळतो का हे पाहणं त्याचं काम नाही. साठेखताच्या आधी स्वतःचा स्थापत्य अभियंता किंवा अनुभवी मिस्त्री घेऊन जा, तेही दिवसाउजेडी, आणि जमलं तर पावसानंतर.

ओल फार महाग पडते. स्नानगृहाच्या पलीकडच्या भिंतीचा खालचा हातभर भाग, खिडक्यांच्या खालचे कोपरे, वरच्या मजल्याच्या स्नानगृहाखालचं छत, हे हाताने दाबून पाहा. घर विकायच्या तोंडावर एकच भिंत ताजी रंगवलेली असेल तर का, ते विचारा. भेगांमध्ये फरक असतो. गिलाव्याच्या केसासारख्या बारीक भेगा चालतात. दारा-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी, किंवा रुपयाचं नाणं शिरेल इतकी रुंद भेग दिसली तर अभियंत्याचा लेखी अभिप्राय घ्या. स्लॅब किंवा खांबातून गंजलेली सळई डोकावत असेल तर तो रंगरंगोटीचा प्रश्न राहत नाही.

सगळे नळ एकदम सोडून पाण्याचा दाब बघा आणि मोऱ्या किती वेळात रिकाम्या होतात ते पाहा. विजेच्या मुख्य बोर्डाला अर्थिंग आणि गळती-रोधक स्विच आहे का, वायर किती जुन्या, हे इलेक्ट्रिशियनला विचारा. पूर्ण घराचं वायरिंग बदलायचं तर भिंती फोडाव्या लागतात, म्हणजे राहायला जाण्याआधीच.

जे निघेल त्याचा दुरुस्ती-खर्च लिहून काढा आणि किंमत पक्की होण्याआधी मालकासमोर ठेवा. ताब्याच्या दिवशी वीज, पाणी, देखभाल आणि घरपट्टी यांची त्या तारखेपर्यंतची भरलेली बिलं घ्या, मीटरचे आकडे दोघांच्या सहीने लिहा, आणि शेवटची रक्कम चाव्या हातात आल्यावरच सोडा.