गादंकीच्या रडारला दिसणारा संक्षोभ आणि फुग्याला सापडणारा संक्षोभ जुळत का नाही?

प्रश्न – वातायन

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी तिरुपतीजवळच्या गादंकी येथील एमएसटी रडारच्या (उंचावरच्या हवेतून परतणारे रेडिओ तरंग टिपणाऱ्या रडारच्या) नोंदी आणि तिथूनच सोडलेल्या रेडिओसाँडच्या (फुग्याला बांधलेल्या हवामानमापक यंत्राच्या) नोंदी शेजारी ठेवून पाहत आहे. काळ जुलै-ऑगस्टचा, म्हणजे ऐन मोसमी पावसाचा आहे. फुग्याने मोजलेल्या तापमानावरून थॉर्प पद्धतीने (उलथलेल्या हवेच्या खुणा शोधून) संक्षोभाचे, म्हणजे हवा अनियमितपणे घुसळली जात असलेले, थर शोधले, तर १२ ते १५ किलोमीटरांच्या पट्ट्यात बरेच थर मिळतात; परंतु त्याच उंचीवर रडारचा प्रतिध्वनी (परत येणारा संकेत) क्षीण असतो. उलट १६-१७ किलोमीटरांवर, तपस्तब्धीपाशी (जिथे उंचीबरोबर तापमान घटणे थांबते त्या सीमेपाशी), रडारचा प्रतिध्वनी एकाएकी वाढतो आणि तिथे फुग्याला संक्षोभ जवळजवळ सापडतच नाही. या दोन साधनांपैकी कोणावर विश्वास ठेवावा, आणि पट्ट्यात असलेल्या ढगांचा यात किती वाटा असावा?

उत्तर – ध्रुवक

प्रतिध्वनी बळकट म्हणजे संक्षोभ जास्त, हे समीकरण या रडारला लागू पडत नाही. मुंबईच्या ‘समीर’ संस्थेने घडवलेले हे रडार ५३ मेगाहर्ट्झवर चालते. त्याची तरंगलांबी सुमारे ५.७ मीटर असल्याने हवेच्या अपवर्तनांकातील (तरंग किती वळतात ते ठरवणाऱ्या गुणधर्मातील) साधारण २.८ मीटर आकाराचे चढउतारच त्याला दिसतात. अशा चढउतारांसाठी हवा ढवळली जाणे जसे लागते, तसाच ढवळण्याजोगा फरकही आधी तिथे असावा लागतो. खालच्या थरांत हा फरक मुख्यतः बाष्पामुळे असतो. १० किलोमीटरांच्या वर बाष्प फारसे उरत नाही, त्यामुळे जोरदार संक्षोभ असूनही प्रतिध्वनी मंद राहू शकतो. याहून फसवी गोष्ट अशी की एखादा थर पुरेसा घुसळला गेला की त्याच्या मध्यभागातले फरक पुसले जातात आणि प्रतिध्वनी केवळ वरच्या व खालच्या कडांवर उरतो.

तपस्तब्धीवरचा प्रतिध्वनी हा निराळाच प्रकार आहे. तिथे हवेची स्थिरता (वर-खाली मिसळण्याला होणारा विरोध) अचानक वाढते आणि पातळ, आडवे, शांत थर रडारच्या उभ्या शलाकेला (सरळ वर सोडलेल्या तरंगांच्या झोताला) आरशासारखे परावर्तित करतात. तो भाग संक्षोभाचा नव्हे, स्थिरतेचा पुरावा आहे. म्हणून तर अनेक अभ्यासांत या प्रतिध्वनीवरून तपस्तब्धीची उंची ठरवली जाते. खात्री करायची असेल तर १० अंश कललेल्या शलाकांची नोंद पाहावी. उभ्या शलाकेत बळकट असलेला प्रतिध्वनी कललेल्या शलाकांत बराच उतरला, तर तो परावर्तनाचा समजावा.

संक्षोभाची तीव्रता काढायला प्रतिध्वनीच्या बळापेक्षा डॉप्लर वर्णपटाची रुंदी (प्रतिध्वनीतून दिसणारे हवेचे वेग किती विखुरले आहेत ते) अधिक उपयोगी, पण तीही जशीच्या तशी घेता येत नाही. आपण निवडलेल्या महिन्यांत दक्षिण भारतावर पूर्वेकडून वाहणारा उष्ण कटिबंधीय जेट प्रवाह (उंचावरच्या वेगवान वाऱ्याचा पट्टा) असतो आणि त्याचा वेग सेकंदाला ४० मीटरांपर्यंत सहज जातो. रडारची शलाका सुमारे ३ अंश रुंद आहे. एवढ्या रुंदीत ४० मीटरांचा वारा धरला, तर केवळ शलाकेच्या पसरटपणामुळे वर्णपट सेकंदाला जवळपास ०.९ मीटरने रुंदावतो. खरा संक्षोभ अनेकदा याहून लहान असतो. ही वजाबाकी काळजीपूर्वक केली नाही, तर आपण संक्षोभाच्या नावाखाली जेट प्रवाहच मोजत बसतो.

उत्तर – मेघमल्हार

रडारची बाजू ध्रुवक यांनी मांडली आहे. माझा अनुभव फुग्यांच्या नोंदींचा असल्याने मी तेवढ्यापुरते लिहितो. थॉर्प पद्धतीचे गृहीतक साधे आहे. स्थिर वातावरणात पोटेन्शियल तापमान (हवा एका ठरावीक दाबाला आणली तर तिचे जे तापमान होईल ते) उंचीबरोबर वाढत जायला हवे; जिथे तो क्रम उलटा दिसतो, तिथे हवा उलथली आहे असे मानायचे, मोजमापे चढत्या क्रमाने लावायची आणि प्रत्येक बिंदू किती सरकावा लागला त्यावरून उलथापालथीची लांबी काढायची. फुगा सेकंदाला साधारण ५ मीटर चढतो, त्यामुळे सेकंदाला एक नोंद असेल तर दोन बिंदूंत ५ मीटरांचे अंतर राहते. रडार ज्या २.८ मीटरांकडे पाहते, ते या जाळीतून निसटतेच. शिवाय तापमापकाची अंशाच्या दशांशातली थरथरसुद्धा जवळजवळ सम पोटेन्शियल तापमानाच्या थरात खोटी उलथापालथ दाखवते. म्हणून काही दहा मीटरांहून लहान उलथापालथी आणि गोंगाटाच्या (मापकाच्या थरथरीच्या) मर्यादेत बसणारे फरक मी सरळ गाळून टाकतो. दिवसा उन्हाने तापलेल्या फुग्यामागची ऊबदार हवा खाली लोंबकळणाऱ्या यंत्रावरून जाते, म्हणून रात्रीची उड्डाणे मला अधिक भरवशाची वाटतात.

वेळेचाही फरक ध्यानात घ्या. २०० मीटर जाडीचा थर फुगा ४० सेकंदांत ओलांडतो; रडार त्याच थराकडे तासन् तास पाहू शकते. १६ किलोमीटर गाठायला फुग्याला पाऊण तासाहून अधिक वेळ लागतो आणि तोवर तो रडारच्या माथ्यावरून कुठल्या कुठे गेलेला असतो. पावसाळ्यात खाली पश्चिमेचे आणि वर पूर्वेचे वारे असल्याने तो आधी पूर्वेकडे जातो आणि मग मागे वळतो, हा त्यातल्या त्यात दिलासा.

वातायन

दोघांचेही आभार. कललेल्या शलाकांची तुलना मी अजून केलेली नाही, ती आता करेन. ढगांबद्दल मात्र शंका उरते. १२ ते १५ किलोमीटरांवरचे माझे बरेचसे थर गडगडाटी ढगांच्या पसरलेल्या माथ्यांत किंवा त्यांच्या जरा खाली येतात. हा योगायोग असावा का?

उत्तर – हिमकण

योगायोग मानण्याची घाई करू नये. ढगाच्या तळातून हिमकण खालच्या कोरड्या हवेत पडतात तेव्हा त्यांचे संप्लवन होते (हिमाची थेट वाफ होते), त्यासाठी लागणारी उष्णता भोवतालच्या हवेतून घेतली जाते, आणि थंड झालेली हवा आपल्याहून हलक्या हवेवर येऊन बसल्याने उलथते. जपानमधल्या शिगाराकीच्या एमयू रडारने लिडारच्या (लेसरने हवा न्याहाळणाऱ्या यंत्राच्या) जोडीने मध्यम उंचीच्या ढगांच्या तळाशी असा संक्षोभ नोंदवला आहे. तपस्तब्धीजवळच्या विरळ सिरस (उंचावरच्या तंतुमय हिम-) ढगांना मात्र हे स्पष्टीकरण पुरत नाही, कारण उणे ८० अंशांच्या आसपास हिमाचे प्रमाणच इतके अल्प असते की संप्लवनाने पडणारा गारवा नगण्य ठरतो. तिथे खालून येणारे अवरक्त प्रारण शोषून ढग तापतो, हा परिणाम अधिक महत्त्वाचा.

आता अडचणीची बाजू. ढगाच्या आत हवा संपृक्त असल्याने अप्रकट उष्मा (वाफ गोठताना वा द्रवताना सुटणारी उष्णता) स्थिरता कमी करतो, आणि कोरड्या पोटेन्शियल तापमानावर आधारलेली थॉर्प पद्धत काही उलथापालथी हुकवते. सुधारणा करायला सापेक्ष आर्द्रता हवी, पण एवढ्या थंडीत रेडिओसाँडचा आर्द्रतामापक संथ पडतो आणि कोरड्या बाजूला झुकतो. ढग कुठे आहे हे ५३ मेगाहर्ट्झचे रडारही सांगणार नाही. एवढ्या लांब तरंगांना बारीक हिमकण दिसत नाहीत. त्यासाठी मिलिमीटर तरंगलांबीचे मेघरडार लागते, जसे पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेने वाईजवळच्या मांढरदेव डोंगरावर ३५ गिगाहर्ट्झचे बसवले आहे. गादंकीला लिडार आहे, मात्र खालचे दाट ढग त्याची शलाका अडवतात, आणि पावसाळ्यात तशा ढगांना तोटा नसतो.

माझे मत विचाराल तर ढगांचा प्रश्न आत्ता सोडवायला जाऊ नये. मार्च-एप्रिलमधल्या निरभ्र रात्री निवडा, वर्णपटाच्या रुंदीतून वाऱ्याचा वाटा वजा करा, फुग्याच्या उलथापालथींतून गोंगाट काढा आणि मग दोन्ही साधनांतून निघणारा ऊर्जाक्षयाचा दर (संक्षोभाची ऊर्जा किती वेगाने उष्णतेत विरते तो) ताडून पाहा. तिथे मेळ कितपत बसतो हे कळल्यावरच पावसाळ्यातल्या तफावतीतला किती भाग ढगांच्या माथी मारायचा, हे ठरवता येईल.