ट्रीव्ह्यूच्या नोडसोबत गावाचा क्रमांक कसा ठेवावा?

प्रश्न
नमस्कार. सी शार्पमध्ये विंडोज फॉर्म्स वापरून मी एका पतसंस्थेसाठी सभासद-नोंदणीचा प्रोग्रॅम लिहीत आहे. त्यातील ट्रीव्ह्यूत (फांद्यांसारखी उलगडणारी यादी, तिच्यातील प्रत्येक नोंद म्हणजे नोड) जिल्हा, तालुका, गाव अशी उतरंड आहे. नोड निवडला की त्यावरील मजकूर घेऊन मी डेटाबेसमध्ये गाव शोधतो आणि घोळ तेथेच होतो. पिंपळगाव नावाची गावे अनेक तालुक्यांत असल्यामुळे क्लिक एका पिंपळगाववर केले तरी यादी भलत्याच पिंपळगावची उघडते. नोडचा फुलपाथ (मुळापासून त्या नोडपर्यंतच्या नावांची साखळी) ही किल्ली धरून डिक्शनरीही (किल्लीवरून नोंद शोधून देणारा संग्रह) करून पाहिली, परंतु वापरकर्त्याने नाव जागेवरच दुरुस्त केले की ती किल्ली निकामी होते. २०११ च्या जनगणनेतील गावाचा सहा अंकी क्रमांक नोडसोबतच ठेवता येईल का?

उत्तर १
अवश्य येईल. प्रत्येक नोडला टॅग नावाची प्रॉपर्टी असते आणि तिचा प्रकार ऑब्जेक्ट असल्यामुळे तिच्यात काहीही ठेवता येते. माझा आग्रह असा, की नुसता क्रमांक न ठेवता गावाचा संपूर्ण ऑब्जेक्ट ठेवावा. आफ्टरसिलेक्टमध्ये (नोड निवडल्यावर घडणारा इव्हेंट) तो टॅगमधून काढून घेतला की पुन्हा शोधाशोध करावी लागत नाही. मजकूर हा माणसाला वाचण्यासाठी असतो, ओळख पटवण्याचे काम त्याच्यावर सोपवू नये. मात्र टॅगमधील ऑब्जेक्टचे नाव बदलले म्हणून नोडवरचा मजकूर आपोआप बदलत नाही, तो आपणच बदलावा लागतो.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. आधी फक्त क्रमांक ठेवून पाहिला, तर क्लिक करताच इनव्हॅलिडकास्टएक्सेप्शन (प्रकार बदलता न आल्याची त्रुटी) आले. क्रमांक तर बरोबर दिसत होता.

उत्तर २
डेटाबेसमधून आलेला क्रमांक बहुधा लाँग (मोठ्या पूर्णांकाचा प्रकार) असावा आणि आपण तो इंट (लहान पूर्णांकाचा प्रकार) म्हणून काढत असाल. ऑब्जेक्टमध्ये बंद केलेला आकडा ज्या प्रकाराने आत गेला त्याच प्रकाराने बाहेर काढावा लागतो. किंमत इंटमध्ये मावत असली तरी थेट कास्ट (प्रकारबदल) चालत नाही. आधी लाँग म्हणून काढून मग इंट करावे.

टॅगमध्ये चुकीचा प्रकार गेला तर कंपायलर काहीच बोलत नाही, म्हणून मी स्वतः ट्रीनोडपासून गावनोड असा वेगळा वर्ग काढतो आणि त्यात गाव ही प्रॉपर्टी ठेवतो. या मार्गात एक खाचखळगा आहे, ज्यात माझी एक पूर्ण संध्याकाळ गेली: नोड क्लोन केल्यावर, म्हणजे त्याची प्रत काढल्यावर, नवा नोड गावनोडच असतो, पण त्यातील गाव रिकामे येते, कारण मूळ क्लोन पद्धत मजकूर, टॅग वगैरे स्वतःच्या गोष्टी उतरवते, आपण जोडलेल्या नव्हे. तेव्हा क्लोन ओव्हरराइड करून (त्या पद्धतीची आपली आवृत्ती लिहून) गाव तेथे स्वतः भरावे, आणि वर्गाला पॅरामीटर नसलेला पब्लिक कन्स्ट्रक्टर (नवा ऑब्जेक्ट तयार करताना चालणारा भाग) द्यावा. तो नसेल तर मूळ क्लोन चालूच शकत नाही. नोड क्लोन करण्याची गरज आपल्या प्रोग्रॅममध्ये कोठेच नसेल, तर टॅग आणि गावाचा ऑब्जेक्ट एवढे पुरे आहे.