ड्युरियनचा पहिला घास: तुमचा अनुभव लिहा

ड्युरियन या उग्र वासाच्या काटेरी फळाला ‘ठीक आहे’ म्हणणारं कुणी मला अजून भेटलेलं नाही. तुम्ही पहिल्यांदा खाल्लंत तेव्हा काय झालं? ताजं होतं की गोठवलेलं, तेही लिहा. सगळा फरक तिथेच पडतो असं मला वाटतं.

माझ्यापासून सुरू करते. सिंगापूरला नवीन होते. मेट्रोत ड्युरियन न्यायला मनाई असल्याची पाटी रोज दिसायची, म्हणून कुतूहल वाढलं. सुपरमार्केटमधून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले गरे आणले आणि दुसऱ्या दिवशी फ्रिजमधून काढून खाल्ले. कुजक्या कांद्याचा भपकारा आला, घास गिळवेना. पुढे दोन वर्षं नाव काढलं नाही. मग शेजारच्या चिनी आजी मला गेलांग भागातल्या ड्युरियनच्या दुकानात घेऊन गेल्या. विक्रेत्याने जाड हातमोजा चढवला, सुरीचं टोक सालीच्या शिवणीत घालून फळ उकललं. मुसांग किंग जातीचं, गर हळदीसारखा पिवळा. वास होताच, पण गर सायीसारखा जिभेवर विरघळला आणि मागून कडसर चव आली. खाऊन झाल्यावर आजींनी रिकाम्या सालीत पाणी ओतून त्यातच हात धुवायला लावले. बोटांचा वास त्यानेच जातो म्हणे.

*

ताज्याबद्दल अगदी खरं. मी पेनांगला, बालिक पुलाऊच्या एका बागेत खाल्लं. मलेशियात फळ तोडत नाहीत, पिकून आपोआप पडू देतात. झाडांखाली जाळी बांधलेली होती. बागवाले काका पहाटे पडलेलं फळ उचलून कानाशी हलवून बघायचे. या झाडाची फुलं संध्याकाळी उमलतात आणि वटवाघळं त्यांचं परागीभवन करतात, हे त्यांच्याकडूनच कळलं. उघड्यावर, वाऱ्यात खाल्लं तर वास अंगावर येत नाही. निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनाही घरात हा वास सहन झाला नव्हता. बोर्निओत झाडाखाली पडलेलं पिकलं फळ बाहेरच खाल्लं आणि ते पक्के चाहते झाले.

*

वास सोसत नसेल त्यांनी थायलंडच्या मोनथाँग जातीपासून सुरुवात करावी. तिथे फळ झाडावरून कापून घेतात, त्यामुळे गर घट्ट आणि वास सौम्य. मला पहिल्याच घासाला आवडलं.

*

हॉटेलच्या खोलीत मात्र नेऊ नका. आम्ही नेलं. तीन पिशव्यांत बांधूनही वास पडद्यांना बसला, सफाईचे पैसे भरावे लागले आणि मला फार शरम वाटली.

*

मी तीन वेळा खाल्लं, त्यात एकदा बागेतलं ताजं. नाही आवडलं. वास गंधकाच्या संयुगांचा असतो आणि मला गोडव्याआधी तेच जाणवतं. नवरा मनापासून खातो, मी शेजारी बसून मँगोस्टीन सोलते. एकच विनंती, ‘अजून एक घास घेऊन बघ’ म्हणू नका.

*

नाही म्हणणार. आजींनाही तुमचा अनुभव वाचून दाखवते.