कार्निव्होर्स २: वारा ओळखायला लावणारा खेळ, की रिकामे रान?

दाभोळकाठ:
डायनोसॉरवर आधारलेले फर्स्ट पर्सन शूटर, म्हणजे खेळणाऱ्याच्या नजरेतून चालणारे नेमबाजीचे, गेम बरेच निघाले, पण त्यांतल्या बहुतेकांत डायनोसॉर म्हणजे नुसते कातडे बदललेला शत्रूचा सैनिक असतो. तो समोरून धावत येतो, गोळ्या खातो, पडतो आणि त्याच्या जागी दुसरा येतो. युक्रेनमधल्या कीव्ह शहरातल्या अ‍ॅक्शन फॉर्म्स या कंपनीने १९९९ साली काढलेला 'कार्निव्होर्स २' मला याला अपवाद वाटतो, आणि इतक्या वर्षांनंतरही या प्रकारातला तोच सर्वांत चांगला गेम आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्यांनी तो खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. माणसांना एका दूरच्या ग्रहावर डायनोसॉर सापडले आहेत आणि तिथे पैसे घेऊन शिकारी नेले जातात. आपण साठलेल्या गुणांवर प्रदेश, सावज आणि बंदूक निवडतो आणि एकटे रानात उतरतो. प्रत्येक जनावराला दृष्टी, कान आणि नाक आहे, आणि कोणत्या जातीचे काय तीक्ष्ण हे वेगवेगळे आहे. पडद्यावर होकायंत्र असते आणि वाऱ्याची दिशा दाखवणारा काटा असतो. वारा तुमच्या पाठीकडून सावजाकडे वाहत असेल, तर ते तुम्हाला दिसण्याआधीच निघून गेलेले असते. रडार, अंगाचा वास झाकणारे औषध, रानाच्या रंगाचे कपडे अशी साधने घेता येतात, पण ती घेतली की मिळणारे गुण कापले जातात. म्हणजे सोपा मार्ग बंद केलेला नाही, फक्त त्याची किंमत सांगितलेली आहे. ही रचना मला फार प्रामाणिक वाटते.

मी हा गेम पहिल्यांदा खेळलो तो रत्नागिरीच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये, पावसाळ्यात. समोरच्या उतारावर एक स्टेगोसॉरस फिरत होता. मी सरळ त्याच्याकडे चालत गेलो, त्याने मान वर केली आणि तो टेकडीपलीकडे गेला. असे तीनदा झाले. चौथ्या वेळी काट्याकडे लक्ष गेले. मग अख्ख्या टेकडीला वळसा घालून, मध्ये मध्ये थांबत, खाली बसत मी पलीकडच्या अंगाने वर आलो, तेव्हा तो पाठमोरा उभा होता आणि त्याला माझी चाहूलही नव्हती. या सगळ्याला पंधरा-वीस मिनिटे लागली आणि गोळी एकच झाडली. दुसऱ्या कुठल्याही नेमबाजीच्या गेममध्ये एका गोळीसाठी इतका जीव टांगणीला लागल्याचे मला आठवत नाही.

आवाजाची बाजूही तितकीच भक्कम आहे. त्या त्या जातीच्या हाकेची नक्कल करणारे साधन वाजवायचे आणि उत्तर कुठून येते ते ऐकत राहायचे, यात कान इतके गुंततात की हेडफोनशिवाय हा गेम खेळूच नये.

उणीव मला एकच दिसते, पण ती मोठी आहे. या जनावरांना स्वतःचे आयुष्य नाही. ती चरत नाहीत, पाण्यावर येत नाहीत, त्यांना पिल्ले नाहीत. मांसाहारी अ‍ॅलोसॉरस तृणभक्षकाच्या शेजारून निघून जातो आणि दोघांनाही त्याचे काही वाटत नाही. सगळ्या रानाचा संबंध फक्त माझ्याशी आहे. हा दोष गेमला मारक आहे की नाही, यावर इतरांची मते वाचायला आवडतील.

सावंतवाडीकर:
आपण ज्याला एकच उणीव म्हणता, तिच्यातच माझ्या मते हा गेम बुडतो. जनावरांना आयुष्य नसेल तर रान म्हणजे नुसता देखावा होतो, आणि अशा देखाव्यातून वीस मिनिटे चालत राहणे याला मी संयम म्हणणार नाही, ती रिकामी वेळ आहे. पहिल्या चार-पाच शिकारींत नवलाई असते हे मान्य. नंतर मात्र तोच काटा, तोच वळसा, तीच एक गोळी. शस्त्रे बदलतात, सावजाचा आकार बदलतो, पण तुम्ही घेत असलेला निर्णय बदलत नाही.

टी-रेक्सचेच उदाहरण घ्या. डोळ्यात गोळी लागली तरच तो मरतो, बाकी अंगावर कितीही मारा, उपयोग शून्य. हा नियम जनावराच्या देहातून आलेला नाही, तो वरून लादलेला आहे. त्याच्या पुढे उभे राहून नेम धरणे थरारक आहे, पण नेम चुकला की दुसरी युक्ती काहीच नाही, पळून जायलाही वाव नाही.

याच्या तुलनेत १९९७ चा 'टुरोक' बघा. निन्टेन्डो ६४ या टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रासाठी इग्वाना एन्टरटेन्मेंटने केलेल्या त्या गेममध्ये डायनोसॉर फारसे हुशार नाहीत, उड्या मारण्याचा भाग तर छळवादच आहे, पण दर दोन मिनिटांनी तुम्हाला काहीतरी ठरवावे लागते: कुठली बंदूक, किती गोळ्या शिल्लक, वर जायचे की आधी किल्ली शोधायची. शूटरकडून माझी अपेक्षा ही आहे, आणि ती 'कार्निव्होर्स'ने मला कधीच पुरी करून दिली नाही.

अलिबागहून:
मी शाळेत विज्ञान शिकवते आणि मुलांमुळे हे दोन्ही गेम पाहिले आहेत. डायनोसॉरांच्या बाबतीत दोघांनाही फार गुण देता येणार नाहीत. स्टेगोसॉरस आणि टी-रेक्स यांच्यात सुमारे आठ कोटी वर्षांचे अंतर आहे. टी-रेक्स आणि आपल्यातले अंतर त्याहून कमी, साधारण साडेसहा कोटी. व्हेलोसिरॅप्टर प्रत्यक्षात टर्की कोंबड्याएवढा होता, आणि त्याच्या हाताच्या हाडावर पिसांच्या मुळांच्या खुणा असल्याचे २००७ साली प्रसिद्ध झाले. पिसांबद्दल १९९९ च्या गेमला दोष देणे अन्यायाचे होईल, आकाराबद्दल मात्र तेव्हाही माहिती होती. उलट टी-रेक्सचे नाक फार तिखट होते असे त्याच्या कवटीवरून दिसते, आणि वासावर आधारलेली 'कार्निव्होर्स'ची कल्पना तिथे नकळत का होईना, बरोबर बसते.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. मारलेले जनावर विमानातून उचलून नेतात, मग ते एका दालनात पेंढा भरून उभे राहते आणि शेजारी त्याचे वजन, लांबी, किती अंतरावरून मारले ते लिहिलेले असते. मला ते दालन पाहून वाईट वाटते. गुंगीची गोळी वापरून जनावर न मारता निजवण्याची सोय गेममध्ये आहे, पण तशी शिकार दालनात येत नाही, म्हणून मुले ती वापरत नाहीत. ज्या गोष्टीचे बक्षीस दिसते तीच मुले करतात.

मु. पो. गुहागर:
आमच्या वाडीत पूर्वी पारध व्हायची. शिमग्याच्या सुमारास माणसे रान उठवायची, आणि डुकराच्या वाटेवर कोण कुठे बसणार हे माझे आजोबा ठरवायचे. १९७२ चा वन्यजीव कायदा आल्यावर ते बंद पडले आणि ते योग्यच झाले. पण त्या माणसांकडून जे ऐकले त्याच्या आधारे दाभोळकाठ यांना सांगावेसे वाटते की वाऱ्याचे हे कौतुक थोडे जास्त होते आहे.

आपल्याकडे दिवसा खारे वारे समुद्रावरून वर येतात आणि रात्री मतलई वारे उतरतात. सकाळी मधल्या वेळात वारा पडतो, आणि तेव्हा वास कुठे जाईल याचा भरवसा नसतो. वहाळात शिरला की वारा वळतो. सड्यावर एक दिशा आणि खाली राईत दुसरी. आजोबा चिमूटभर राख बोटांतून सोडायचे, ती कुठे जाते ते पाहायचे, पंचवीस पावले चालून पुन्हा सोडायचे. गेममध्ये अख्ख्या प्रदेशाला एक काटा पुरतो. डोंगर आडवा आला म्हणून वारा वळत नाही, दरीत तो अडत नाही. ज्या गुणासाठी या गेमला डोक्यावर घेतले जाते, तोच गुण अर्धवट राहिला आहे. वारा भूभागाप्रमाणे वळला असता तर सावंतवाडीकर म्हणतात तो तोचतोचपणाही राहिला नसता, कारण प्रत्येक टेकडीचा वळसा वेगळा ठरला असता.

दाभोळकाठ:
राखेची गोष्ट वाचून मी निरुत्तर झालो. काट्यामुळे काम सोपे होते हे मला माहीत होते, पण काट्याने नेमके काय गमावले हे आपण दाखवून दिलेत. तरीही एवढे म्हणेन की १९९९ साली वाऱ्याची दिशा हा खेळाचा नियम करण्याचा विचार किती शूटर गेमनी केला होता? बहुतेकांना वाराच नव्हता.

सावंतवाडीकर, 'टुरोक'चा उल्लेख आपण केलात म्हणून धुक्याचा विषय काढतो. निन्टेन्डो ६४ ला दूरवरचे चित्र उभे करणे झेपत नव्हते, म्हणून त्या गेममध्ये थोड्या पावलांवर सगळे धुक्यात बुडते आणि रॅप्टर त्या धुक्यातून अचानक अंगावर येतो. २०१५ साली नाइटडाइव्ह स्टुडिओजने तो गेम पुन्हा काढला तेव्हा धुके मागे सारता आले, आणि लक्षात आले की भीतीचा मोठा वाटा धुक्याचाच होता. 'कार्निव्होर्स'मध्ये जनावर दुरून दिसते, दुर्बिणीतून न्याहाळता येते, आणि तरी भीती वाटते. टी-रेक्सच्या डोळ्याच्या नियमाबद्दल मात्र मी आपल्याशी सहमत आहे. तो नियम नसता आणि पळण्याची वाट ठेवली असती, तर शिकार जास्त खरी झाली असती.

अलिबागच्या ताई, दालनाबद्दलचा आपला आक्षेप मला पटतो. निजवलेल्या जनावराचे साधे छायाचित्र जरी दालनात लागले असते, तरी पुष्कळ फरक पडला असता.

सावंतवाडीकर:
धुक्याचा मुद्दा मान्य करतो. पण आपण मूळ धाग्यात जनावरांच्या आयुष्याची जी मागणी केली आहे, ती त्याच काळात एका गेमने करून पाहिली होती हे इथे सांगितले पाहिजे. १९९८ साली ड्रीमवर्क्स इंटरॅक्टिव्हने 'ट्रेसपासर' काढला. पडद्यावर एकही आकडा नाही. आपली प्रकृती कळायची ती नायिकेच्या छातीवर गोंदलेल्या हृदयाकडे मान खाली घालून पाहिल्यावर. हात वेगळा हलवायचा, बंदूक हाताने उचलायची, वस्तूंना वजन. डायनोसॉरांना भूक, भीती, राग अशा प्रवृत्ती देण्याचा त्यांचा बेत होता, पण त्या प्रवृत्ती एकमेकींत अडकायला लागल्या आणि शेवटी पुष्कळ काट मारावी लागली. गेम रखडत चालायचा, आणि त्या हाताने बंदूक धरताना खेळणारा रडकुंडीला यायचा.

यावरून मी असे म्हणत नाही की प्रयत्न करू नये. माझे म्हणणे इतकेच की 'कार्निव्होर्स'ने थोडे मागितले म्हणून ते जमले, आणि थोडेच मागितले म्हणून ते लवकर संपले. आपण जमले याकडे पाहता, मी संपले याकडे.

मु. पो. गुहागर:
'ट्रेसपासर' मी पुण्यात शिकायला असताना मित्राकडे पाहिला होता. पेट्या एकावर एक रचून वर चढण्यात आमची अख्खी संध्याकाळ गेली, डायनोसॉर बाजूलाच राहिले. यापेक्षा टेकडीचा वळसा बरा.

दाभोळकाठ:
एक गोष्ट राहिली. 'कार्निव्होर्स २' मध्ये ब्रॅकिओसॉरस आहे आणि त्याची शिकार करता येत नाही. त्याचे गुण नाहीत, दालनात त्याला जागा नाही. पहाटेची वेळ निवडून उतरलो की मी आधी पाण्याच्या कडेला जातो आणि तो दिसेपर्यंत थांबतो. ती मान झाडांच्या वरून हळूहळू पुढे सरकताना पाहिली की मला हे रान रिकामे वाटत नाही. सावंतवाडीकर, आपण रडार न घेता एकदा असे उतरून पाहावे अशी विनंती आहे.

सावंतवाडीकर:
तो मी पाहिलेला आहे आणि मलाही तो आवडतो. पण त्याच्यापुढे बंदुकीचा काही उपयोग नाही, हे आपणच लिहिलेत. शूटर गेममधले सर्वांत चांगले दृश्य बंदूक खाली ठेवूनच दिसत असेल, तर आपण त्याला शूटर म्हणून पहिला नंबर कसा देता, हे मला अजूनही समजलेले नाही. रविवारी रडार न घेता उतरेन, आणि काय वाटले ते इथेच लिहीन.