सर्दी-तापानंतर मुलीचा हात अचानक लुळा पडला

प्रश्न
मुलगी चार वर्षांची. सर्दी-खोकला आणि ताप होता, तो उतरला. मग एका सकाळी कप उचलायला उजवा हात वर येईना. डाव्या हाताने उजवा हात धरून टेबलावर ठेवत होती. बोटं हलतात, खांदा अजिबात नाही. अ‍ॅडमिट केलंय. एमआरआय बघून डॉक्टर म्हणाले, अक्यूट फ्लॅसिड मायलायटिस, म्हणजे मज्जारज्जूला सूज येऊन हात-पाय अचानक लुळे पडण्याचा आजार. पोलिओचे सगळे डोस झालेत, तरी शौचाचे नमुने घेतले. का? आणि हात पूर्ववत होईल का?

उत्तर १
आमच्या मुलाला गियाँ-बारे हा नसांचा आजार झाला होता. त्यात दोन्ही पाय सारखेच गेले आणि अशक्तपणा वर चढत गेला. तुमच्या मुलीचा एकच हात आहे, म्हणून आमचा अनुभव तुम्हाला लावून बघू नका.

उत्तर २
ताई, मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे. नमुन्यांनी घाबरू नका. पंधरा वर्षांखालच्या मुलाचा हात-पाय अचानक लुळा पडला की, लस झालेली असो वा नसो, पोलिओ नाही याची खात्री करतातच. त्यासाठी शौचाचे दोन नमुने, किमान चोवीस तासांच्या अंतराने, लागतात. जागतिक आरोग्य संघटनेचा हाच नियम आहे.

पोलिओच्याच कुळातला एन्टेरोव्हायरस डी-६८ हा याचा मोठा संशयित. तो १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात सापडला, पण २०१४ पासून अशा लकव्याशी त्याचं नाव जोडलं गेलं. अमेरिकेत २०१८ मध्ये २३८ रुग्णांची खात्री झाली होती. हा विषाणू मुख्यतः श्वसनमार्गात राहतो, म्हणून नाका-घशाचा स्वॅब घेतलाय का तेही विचारा. आणि तो सापडला नाही तरी निदान चुकलं असं होत नाही. लकवा येईपर्यंत बहुतेकदा तो ओसरलेला असतो.

मज्जारज्जूतल्या स्नायू हलवणाऱ्या पेशींना मार बसतो. स्पर्श बहुधा कळतो, म्हणून मूल हात लावलेला सांगतं पण हलवू शकत नाही. विषाणूवर खात्रीचं औषध नाही. पंजा आधी सुधारतो, खांदा फार हट्टी. हात पूर्ववत होईलच असं मी सांगणार नाही, पण व्यायामाने पुष्कळ मुलं बरंच काही परत मिळवतात. खांदा हललाच नाही तर नस जोडण्याची शस्त्रक्रिया असते. तिचा विचार काही महिन्यांतच व्हावा लागतो, वर्ष उलटू देऊ नका.

एक मात्र आजपासूनच पाळा: तिला त्या हाताला धरून उचलू नका, कपडे घालताना ओढू नका. सैल खांदा सहज निसटतो. बसवलं की कोपराखाली उशी द्या.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. काल रात्रीपासून पाणी पिताना ठसका लागतोय आणि आवाजही बारीक झालाय. सर्दीमुळेच असेल ना?

उत्तर २
ताई, हे आत्ताच्या आत्ता नर्सला सांगा, राउंडची वाट बघू नका. गिळण्याचे स्नायू अशक्त होत असतील तर श्वासाचेही होऊ शकतात. डॉक्टर बघेपर्यंत तोंडावाटे काही देऊ नका.